शेगडीत चिमूटभर मीठ

साहेबांच्या कोर्टाच्या बॅगेत एका कप्प्यात वकीलपत्रं असत आणि दुसऱ्या कप्प्यात शेगडी. शेगडी म्हणजे दुधाच्या पावडरचा कापून आखूड केलेला डबा, त्याला खिळ्यानं पाडलेली भोकं, वर भांडं ठेवायला सायकलच्या तारा वाकवून केलेली तिवई, आणि हे सगळं एका जुन्या बनियनमध्ये गुंडाळलेलं. अकोल्याच्या कोर्टाच्या फाटकावर नवा शिपाई आला की पहिल्या दिवशी हमखास बॅग उघडायला लावायचा.

"साहेब, हे काय होय?"

"चूल."

"कोर्टात चूल कायले?"

"कोर्टात माणूस किती वर्षं बसते हे तुले अजून माहीत नाही. राहू दे."

मी त्यांचा ज्युनियर होतो. ज्युनियर म्हणजे तरुण असं नव्हे. माझे केस पांढरे व्हायला लागले तरी मी त्यांचा ज्युनियरच होतो, आणि मला त्याचं काही वाटत नसे. बाररूममध्ये त्यांना शेगडीवाले वकील म्हणत, अर्थात मागे. मी म्हणत नसे, पण दुसऱ्या कोणी म्हटलं की हसत असे. हे आत्ताच सांगून ठेवतो, कारण पुढे माझ्याबद्दल याहून वाईट सांगायचं आहे.

साहेबांची बायको बरीच आधी गेली होती. एकुलती एक मुलगी लग्न होऊन अमरावतीला, तिथल्या ज्युनियर कॉलेजात शिकवायची. साहेब अकोल्याच्या घरात एकटे. पुढच्या खोलीत ऑफिस, मधे एक झोपायची खोली, मागे स्वयंपाकघर आणि त्याच्या मागे फरशीचं अंगण. या अंगणात त्यांचा खरा संसार होता. भिंतीला लागून एक मांडणी, तिच्यावर शेगड्या, आणि प्रत्येक शेगडीला कोर्टातलं नाव.

भुशाची शेगडी म्हणजे 'कायम मनाई हुकूम'. तेलाच्या रिकाम्या डब्याला बुडाशी एक भोक, त्यातून एक बाटली आडवी, तिच्यावर एक उभी, आणि भोवती आरामशीनवरचा भुसा लाकडाच्या दांड्यानं ठेचून भरायचा. मग दोन्ही बाटल्या फिरवत फिरवत अशा काढायच्या की भुसा ढासळला नाही पाहिजे. आत कोपरासारखी पोकळी राहते, तिच्यातून जाळ वर येतो. "मिळायले वेळ लागते," साहेब म्हणत, "पण एकदा मिळाला का हालत नाही." तिच्यावर सकाळचं वरण, भात, पोळ्या, आणि शेवटी आंघोळीचं पाणी निघायचं.

बुटाच्या पॉलिशच्या डबीत खोक्याच्या पुठ्ठ्याची पट्टी गुंडाळून बसवायची आणि वरून उरलेल्या मेणबत्त्यांचं मेण ओतायचं, ती 'तात्पुरता मनाई हुकूम'. पुढच्या तारखेपर्यंत चालते.

आणि स्पिरिटची शेगडी, म्हणजे बॅगेतली आणि मांडणीवरची तशीच दुसरी, ती 'जामीन'. लवकर मिळते, लवकर रद्द होते, आणि अटी पाळल्या नाहीत तर आत जावं लागतं.

जामिनाची पहिली अट मीठ. स्पिरिटची ज्योत निळी असते आणि उन्हात दिसतच नाही. आमच्याकडच्या उन्हात तर डब्यात जाळ आहे की नुसती हवा, काही कळत नाही. चिमूटभर मीठ टाकलं की तीच ज्योत पिवळी होते, भर दुपारीही दिसते. "स्पिरिटचा जाळ खोटा नसते, बापू," साहेब सांगत, "पण तो मुका असते. मीठ टाकलं का बोलाले लागते." बनियनच्या गुंडाळीत म्हणून मिठाची एक छोटी डबी कायम असायची. बॅगेतल्या शेगडीला मीठ बॅगेतलं, घरच्या शेगडीला स्वयंपाकघरातलं. बॅगेतलं मीठ घरी वापरलेलं त्यांना चालत नसे. ते बाहेरच्या वेळेसाठी राखीव.

मोर्शीचा एक पक्षकार वाटणीच्या दाव्यात दर हंगामाला संत्र्यांची पेटी घेऊन यायचा. साहेब संत्री आम्हाला वाटून टाकत आणि सांगत, "साली परत आणजा." वाळवलेली संत्र्याची साल चुरचुरत पेटते, तिच्यात तेल असतं. ओल्या दिवसांत भुसा पेटवायला तिच्यासारखं काही नाही. त्या पक्षकाराला हे कळलं तेव्हा त्याचं तोंड उतरलं. त्याला वाटत होतं, संत्री आवडतात म्हणून साहेब आपला दावा मनापासून लढवतात. हिवरखेडहून साहेबांचे चुलतभाऊ पऱ्हाट्यांच्या मोळ्या पाठवायचे. कपाशीचं ते वाळकं काटूक साहेब असं बोटानं मोडून पाहत, जसं सोनार सोनं पाहतो. "हे मागच्या साली भिजलेलं हाय. भाऊ लबाड झाला."

हे वेड कशानं लागलं, याचं त्यांनी कधी एक उत्तर दिलं नाही. मला सांगितलं की अमरावतीला शिकत असताना संचारबंदी लागली आणि होस्टेलची मेस बंद, तेव्हा खोलीतल्या पोरांनी कच्चे तांदूळ खाल्ले. दुसऱ्या ज्युनियरला सांगितलं की गुरुकुंज मोझरीला कोणाबरोबर गेले असता पावसानं चुली विझल्या आणि सगळे उपाशी झोपले. ताईला, म्हणजे मुलीला, वेगळंच सांगितलं होतं: त्यांची आई निंदणाला जायची, बांधावर तीन दगड मांडून भाकरी करायची, आणि वावरवाला यायचा आणि पायानं विस्तव पसरवून द्यायचा. आम्ही तिघांनी एकदा या जबान्या ताडून पाहिल्या. मी साहेबांना म्हटलं, तीन जबान्या जुळत नाहीत. साहेब म्हणाले, "मंग तिन्ही खऱ्या असतीन. खोट्या असत्या तं जुळवून सांगितल्या असत्या."

दर रविवारी तालीम असायची. सकाळी साहेब स्वयंपाकघराच्या दारात उभे राहायचे आणि कोर्टातल्या पुकाऱ्यासारखा आवाज लावायचे, "सिलिंडर हाजिर हो." असं तीनदा. मग आमच्याकडे वळून, "गैरहजर. एकतर्फी चालवा." त्या दिवशी गॅसला कोणी हात लावायचा नाही. ज्युनियर, कारकून, आलाच तर एखादा पक्षकार, सगळ्यांचं जेवण मांडणीवरच्या शेगड्यांवर. नवीन ज्युनियरला दाव्याचा मसुदा लिहायला देण्याआधी साहेब एक पेलाभर पाणी द्यायचे. अंगणात सापडेल त्यावर ते उकळून दाखवायचं.

माझी परीक्षा मला चांगली आठवते. मी जुन्या पुकारा-याद्यांचे कागद जाळले. नुसता धूर. डोळ्यांतून पाणी येत होतं पण पेल्यातलं उकळत नव्हतं. शेवटी कंटाळलो. साहेबांनी आतून विचारलं, "उकळलं का?"

मी म्हटलं, "हाव."

साहेब बाहेर आले आणि पेल्यात सरळ बोट बुडवलं. काही वेळ तसंच ठेवलं. मग धोतराला पुसलं आणि म्हणाले, "कोमट हाय. बापू, ऐकीव आपल्याले चालत नाही. उकळलं म्हणून सांगू नको, दाखव."

माझा हा जुना दोष. कोणी विचारलं की हाव म्हणून मोकळं व्हायचं. नोटीस पाठवली का, हाव. पक्षकाराला फोन केला का, हाव. मग पळत जाऊन करायचं. बहुतेक वेळा निभून जातं, म्हणून सवय सुटत नाही. साहेबांना ही सवय ठाऊक होती. तरी त्यांनी मला ठेवलं, आणि माझ्यावर विसंबत गेले.

त्यांच्या वेडाचा लोकांना उपयोग झालेला मी एकदाच नीट पाहिला. अमरावतीच्या एका कामाहून आम्ही बसनं परत येत होतो. मूर्तिजापूर यायच्या आधी रस्ता बंद, गाड्यांची रांग. पुढे टँकर उलटला होता. साहेबांनी कंडक्टरला आधी विचारलं, "कशाचा टँकर?"

"दुधाचा, साहेब."

"मंग ठीक."

ऊन मी म्हणत होतं. आमच्या पुढच्या सीटवर एक बाई तान्ह्याला घेऊन होती. पोर रडून रडून निळं पडायला आलं. पावडरचं दूध होतं, पण पाणी बाटलीतलं, आणि डॉक्टरनं उकळल्याशिवाय द्यायचं नाही म्हणून बजावलेलं. पुढे रस्त्यावर टँकरभर दूध वाहून चाललं होतं आणि इथे पोराला घोटभर नव्हतं. साहेब उठले, बॅग घेतली, बाईला म्हणाले, "माय, पाणी दे आन् माह्यासंग चाल." ती घाबरली. काळा कोट, हातात बनियनची पुरचुंडी. तिची सासू म्हणाली, "बुवा, कुठं नेता तिले?"

"त्या निंबाखाली. तुमी बी चाला, नजर ठेवा माह्यावर."

निंबाखाली वारा होता. साहेबांनी कोट काढला आणि तो पडद्यासारखा धरायला लावून मला उभं केलं. डब्यात स्पिरिट, डबीतलं मीठ, काडी. पिवळी ज्योत सरळ उभी राहिली. बसमधले लोक उतरून गोल करून पाहायला लागले. पाणी उकळलं, दूध झालं, पोर गप झालं. मग एकेक जण पुढे यायला लागला, साहेब, जरासा चहा? साहेबांनी शेगडीवर झाकण ठेवलं, थंड होईस्तोवर उकिडवे बसून राहिले, मग तिच्यावर तळहात धरून पाहिला आणि ती बनियनमध्ये गुंडाळली. "हे चहाचं दुकान नोहे." बसमध्ये बसल्यावर मात्र इतके खूश होते की अकोल्यापर्यंत खिडकीबाहेर पाहून हसत होते. मी धरलेल्या त्यांच्या कोटाच्या बाहीला जाळानं एक भोक पडलं होतं. तो कोट त्यांनी शेवटपर्यंत रफू केला नाही.

टाळेबंदी लागली तेव्हा साहेबांना आनंद झाला असं म्हणणं बरं दिसणार नाही. पण त्यांची पाठ ताठ झाली होती हे खरं. आयुष्यभर ज्या दिवसाची तालीम केली तो आला होता. कोर्टं बंद, बाजार बंद. माझं घर मागच्या गल्लीत, म्हणून मी दुपारी तोंडाला रुमाल बांधून त्यांच्याकडे जायचो. साहेबांची एकच तक्रार होती. "सिलिंडर तं वेळेवर येऊन राहिला, बापू. असं कसं?"

स्पिरिट मिळत नव्हतं, सॅनिटायझर मात्र वाटेल तितकं. एका पक्षकारानं मोठा कॅन आणून दिला. साहेबांनी त्याची उलटतपासणी घेतली. पेटतं का, काजळी किती, पाणी किती वेळात. निकाल असा की साक्षीदार स्पिरिटपेक्षा ढिला आहे पण चालेल. ज्योत निळीच, म्हणून मिठाची अट कायम. घरची साधी प्लॅस्टिकची बाटली त्यांनी त्याच्यासाठी वेगळी काढली.

तो रविवार होता. सिलिंडर गैरहजर. उन्हाळ्याची भर दुपार, फरशी चपलेतून चटके देत होती. साहेबांना मधुमेह, जेवणाआधीची गोळी त्यांनी घेतली होती आणि मग खायला उशीर चालत नसे. ते आत कांदा चिरत होते. मला म्हणाले, "जामीन काढ. खिचडी मांड. मीठ टाकजो."

मीठ स्वयंपाकघरात, वरच्या फळीवर, बरणीत. मी अंगणात सावलीच्या पट्ट्यात मोबाइल बघत बसलो होतो. आमच्या गल्लीत कोणीतरी आजारी निघाल्याचा मेसेज होता, तो वाचत होतो. उठलो, डब्यात सॅनिटायझर ओतलं, काडी लावली, पातेलं ठेवलं. मिठासाठी आत जावं लागलं असतं. गेलो नाही. त्याला याहून मोठं कारण नाही. मी पुष्कळ शोधलं, सापडलं नाही.

साहेब बाहेर आले. "मीठ टाकलं?"

"हाव."

खिचडी खदखदायला लागली आणि काही वेळानं मंदावली. तांदूळ अजून टचटचीत. साहेब शेगडीपाशी गुडघ्यावर बसले, फडक्यानं पातेलं उचललं, वाकून पाहिलं. त्यांच्या कपाळावर घाम होता आणि हात जरा कापत होता, साखर उतरायला लागली की व्हायचं तसं.

"दिसत नाही काही. मीठ टाकलं होतं ना?"

"हाव."

"मंग विझली. ओत अजून थोडं."

मी ओतलं. जाळ धारेवरून बाटलीच्या तोंडापर्यंत चढला तो मला दिसला नाही. हाताला लागला. मी बाटली फेकली. कुठे फेकतो आहे ते पाहिलं नाही. ती साहेबांच्या उजव्या हातावर पडली.

त्यांचा हात जळत होता आणि त्या उन्हात काही दिसत नव्हतं. ते हात झटकत होते, आणि मला क्षणभर वाटलं की नुसतेच झटकताहेत. मग फडक्यानं पेट घेतला, तो पिवळा दिसला, तेव्हा मी बादली उचलली.

ताई पास काढून दुसऱ्या दिवशी अमरावतीहून आली. दवाखान्यात साहेब पडले होते, उजवा हात कोपरापर्यंत बांधलेला, डोळे मिटलेले. ताईनं मला विचारलं, "भाऊ, काय झालं नेमकं? तुम्ही होते ना तिथं?"

मी म्हटलं, "मी आत मीठ आणाले गेलो होतो, ताई. तेवढ्यात साहेबांनी पेटत्यावर ओतलं."

मीठ आणायला. अंगणात न आणलेलं ते मीठ मी दवाखान्यात आणलं. साहेबांनी डोळे उघडले. माझ्याकडे पाहिलं, ताईकडे पाहिलं, आणि परत मिटले. मी थांबलो होतो, ते काही म्हणतील म्हणून.

पुढचं सगळं त्या एका वाक्यावर उभं राहिलं. ताईनं ठरवलं की बाबांना आता उमजत नाही, एकटं ठेवणं धोक्याचं. त्यांना अमरावतीला नेलं. अकोल्याचं घर बंद केलं, मांडणी रिकामी करून भंगारवाल्याला दिली. तिच्या जागी कोणीही तेच केलं असतं. अमरावतीच्या फ्लॅटमध्ये गॅसचा खटका झोपताना बंद, काड्यापेटी कपाटात, चहा ताई करील किंवा तिची कामवाली. बुद्धाच्या मूर्तीपुढची मेणबत्तीसुद्धा ताईच लावायची. साहेब मागे हात जोडून उभे.

मी महिन्या-दीड महिन्यानं जायचो. साहेब गॅलरीत खुर्चीवर बसलेले असत. उजव्या हाताची बोटं आखडून गेली होती, अंगठा तर्जनीला टेकत नव्हता. पेपर डाव्या हातानं धरायचे. अकोल्याच्या बातम्या विचारायचे, कोणत्या कोर्टात कोण आलं, मोर्शीवाल्याच्या दाव्याचं काय झालं. शेगडीचा विषय त्यांनी काढला नाही, मी तर नाहीच. निघताना दरवेळी विचारायचे, "आणखी काही सांगाचं हाय का, बापू?" मला वाटायचं, कोर्टाबद्दल विचारताहेत. खरं म्हणजे तसं वाटत नव्हतं. तसं धरून चालायचो.

अशी वर्षं गेली. बाररूममध्ये साहेबांची गोष्ट झाली. शेगडीवाल्या वकिलानं स्वतःचाच जामीन जाळला, अशी. दर वेळी थोडी वाढायची. मागच्या हिवाळ्यात एका नव्या पोरीला, नुकतीच सनद मिळालेली, कोणीतरी ती सांगत होता. माझ्याकडे वळून म्हणाला, "हे होते ना तिथं. इचार यायले."

आणि मी सांगितलं. मी आत होतो, वरच्या फळीवरची बरणी काढत होतो, झाकण घट्ट बसलं होतं, तेवढ्यात बाहेरून आवाज आला. झाकण घट्ट बसलं होतं. हे मी आधी कधी म्हटलं नव्हतं. ते आपोआप आलं, आणि मला ते झाकण दिसलंसुद्धा. ती पोरगी मान हलवत ऐकत होती. साक्षीदार किती स्वाभाविक बोलतो आहे, असं तिच्या चेहऱ्यावर होतं.

दुसऱ्या दिवशी मी अमरावतीची बस धरली.

साहेब गॅलरीत होते. फारच वाळले होते, आणि आता डावा हातही थरथरत होता. मी खुर्ची ओढली नाही, उभाच राहिलो.

"साहेब, त्या दिवशी मीठ टाकलं नव्हतं. आन् मी आतही गेलो नव्हतो."

त्यांनी पेपर मांडीवर ठेवला. "माहीत हाय."

"माहीत हाय?"

"मीठ असतं तं ज्योत दिसली असती. दिसली असती तं मी तुले ओत म्हटलं असतं का?"

"मंग बोलले काहून नाही? ताई समोर होती."

"काय बोलू? तू माहा साक्षीदार. आपल्या साक्षीदाराच्या तोंडात उत्तर घालता येत नाही, बापू, हे मीच शिकवलं न तुले. त्यानं आपल्या मनानं सांगा लागते. मी इचारत तं होतो दर वेळी." थोडं थांबून म्हणाले, "एक हाय. डबा थंडा होऊ द्यायले पायजे होता. भुकेपायी नाही होऊ देला. ते माही चूक. तेवढी माह्याकडं राहू दे."

साहेबांनी मानेनं आतल्या दाराकडे खूण केली. "जा. मले सांगून काय फायदा? मी तं होतोच तिथं."

ताई पोळ्या करत होती. मी ओट्याशी उभा राहून सांगितलं, आधीपासून. पहिला हाव, दुसरा हाव, बाटली, दवाखाना. ती लाटत राहिली. दोन पोळ्या झाल्या. मग तिनं गॅस बंद केला.

"तुम्ही म्हणाले होते, मीठ आणाले गेले होते."

"नव्हतो गेलो."

"मी डॉक्टरले सांगितलं, भाऊ. बाबाले आता समजत नाही म्हणून. त्यांच्यासमोर सांगितलं, आणि ते ऐकून घेत होते." ती ओट्यावरचं पीठ हातानं गोळा करत होती, झालेलं परत परत. "वंदनेची मेणबत्ती लावू दिली नाही मी बाबाले. लहान पोराच्या हातून घ्यावी तशी काडी घेतली त्यांच्या हातून. आणि आता बघा. आता त्यांचा हात खरंच थरथरते. आता काडी देते म्हटलं तरी देता येत नाही. तेव्हा देता येत होती."

ताई स्टुलावर चढली, माळ्यावर हात घातला आणि एक पुरचुंडी काढली. तेच बनियन. "सगळं भंगारात दिलं. हे नाही देववलं." औषधाच्या डब्यातली स्पिरिटची बाटली तिनं आणली, पाण्याची बादली आणली, आणि सगळं गॅलरीच्या फरशीवर मांडलं. मला म्हणाली, "तुम्ही लावा. मी इथंच उभी आहे."

साहेब पाहत होते. मी डबा काढला, स्पिरिट ओतलं. मिठाची डबी उघडली तर आतलं मीठ ओल येऊन दगड झालेलं. ताईनं स्वयंपाकघरातली बरणी आणून माझ्यापुढे धरली. मी ती घेऊन साहेबांपुढे धरली.

त्यांनी सवयीनं उजवा हात घातला. बोटं जुळेनात. हात बाहेर काढला, डावा घातला, चिमूट धरली. डब्यापर्यंत येईस्तो निम्मं मीठ फरशीवर सांडलं. निम्मं आत पडलं.

मी काडी लावली. बाहेर ऊन लख्ख होतं. ज्योत पिवळी, डोळ्यांना दिसेल अशी. साहेब मान वाकडी करून तिच्याकडे बघत बसले. ताईनं वर चहाचं भांडं ठेवलं. चहा झाल्यावर तिनं तीन कपांत ओतला, माझा माझ्यापुढे सरकवला आणि म्हणाली, "चहा घ्या आणि जा, भाऊ. काही दिवस येऊ नका इकडे."

मी बरं म्हटलं.

साहेब कपातूनच म्हणाले, "कोर्टानं तारीख दिली, बापू. खारीज नाही केलं."

ताई कप घेऊन आत गेली.

मी उठलो तेव्हा साहेब म्हणाले, "शेगडी विझवून जाजो. आन् विझली म्हणून सांगू नको. दाखव."

मी डब्यावर झाकण ठेवलं आणि खाली फरशीवर बसलो. बसची वेळ निघून गेली. डबा पुरता थंड झाल्यावर मी झाकण काढलं आणि तो उचलून त्यांच्यापुढे धरला. त्यांनी उजवा हात पुढे केला, आखडलेला, आणि डब्याच्या तोंडावर तळहात ठेवला. बराच वेळ ठेवला.